शोधलेखातील संदर्भनिर्देश व संदर्भसूची



मागील घटकात आपण प्रकल्पाचा विषय कसा ठरवावा आणि क्षेत्रकार्यातून माहिती कशी गोळा करावी, याचा विचार केला. या घटकात त्यापुढील टप्प्याकडे वळू. गोळा केलेली माहिती लेखात मांडताना ती कोठून मिळाली हे कसे नोंदवावे आणि एखाद्या शास्त्रीय नियतकालिकाकडे लेख पाठविताना संदर्भांची मांडणी कशी करावी, हा या घटकाचा विषय आहे. मराठीच्या विद्यार्थ्याचा शास्त्रीय नियतकालिकाशी काय संबंध, असे आपल्या मनात येईल. पण भाषेचा अभ्यास करणाऱ्याला वनस्पतींची नावे, शेतीची अवजारे, औषधी उपयोग, ऋतुमान अशा विषयांत शिरावेच लागते, आणि तेथे गेल्यावर त्या शास्त्राचे नियम पाळावे लागतात.

सोयीसाठी एकच विषय समोर ठेवू. आपण कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुक्यात राहता आणि तालुक्याच्या पश्चिम भागात, म्हणजे आंबा, विशाळगड या सह्याद्रीलगतच्या पट्ट्यात, रूढ असलेल्या वनस्पतींच्या लोकनावांवर लेख लिहीत आहात, असे समजा. पहिलेच नाव कारवीचे. कुडाच्या भिंतींसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले हे झुडूप आपल्याला परिचित आहे. आपण लिहिता : ‘कारवी साधारणपणे सात वर्षांनी एकदा फुलते.’ वाक्य सोपे आहे, सर्वांना ठाऊक असलेलेही आहे. तरीही नियतकालिकाचा परीक्षक समासात प्रश्न लिहील : हे कशाच्या आधारे? वाडीतल्या वयोवृद्ध बाईंनी सांगितले म्हणून, ग्रंथात वाचले म्हणून, की आपण स्वतः दोन बहर पाहिले म्हणून? तिन्ही उत्तरे चालतील. परंतु प्रत्येकाची नोंद वेगळी होते आणि प्रत्येकाचे वजनही वेगळे असते.

संदर्भ म्हणजे पत्ता. वाडी, घराची खूण आणि घरमालकाचे नाव सांगितल्यावर परका माणूसही दारात येऊन उभा राहतो. नुसते ‘डोंगरापलीकडे’ म्हटले तर तो दिवसभर फिरतो. लेखाच्या वाचकाला आपण वाचलेल्या त्याच पानापर्यंत, किंवा ज्या व्यक्तीशी आपण बोललो तिच्यापर्यंत, निश्चितपणे जाता यावे, एवढ्यासाठी संदर्भ द्यावयाचा. स्वल्पविराम कोठे आणि कंस कोठे हे त्यानंतर येते.

नोंद केव्हा करावी

संदर्भांच्या बहुतेक चुका लिहिताना घडत नाहीत, वाचताना घडतात. ग्रंथ हातात असताना आपण मजकूर उतरवून घेतो आणि पृष्ठांक राहून जातो. महाविद्यालयाच्या आवारात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्रंथालयात जाता येते. आपली स्थिती तशी नाही. मलकापूरहून कोल्हापूर सुमारे ४५ किलोमीटर. करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका पृष्ठांकासाठी पुन्हा जायचे म्हणजे एक रजा किंवा एका दिवसाची मजुरी. म्हणून ग्रंथ उघडल्याबरोबर, मजकूर वाचण्यापूर्वी, नोंदवहीच्या कोऱ्या पानावर शीर्षकपृष्ठ आणि त्यामागचे पान पूर्ण उतरवून घ्यावे : लेखकाचे छापलेले नाव, शीर्षक, संपादक असल्यास त्याचे नाव, आवृत्ती, खंड, प्रकाशक, गाव, वर्ष. मोबाइलवर या दोन पानांचे छायाचित्र घेतले तर अधिकच चांगले. त्यानंतर प्रत्येक टिपणाच्या डावीकडे पृष्ठांक. जे शब्द जसेच्या तसे घेतले त्यांना तेथेच अवतरणचिन्हे घालावीत, कारण तीन महिन्यांनी टिपण उघडल्यावर कोणते वाक्य ग्रंथाचे आणि कोणते आपले हे आपल्यालाही ओळखता येत नाही. नकळत होणारे वाङ्मयचौर्य बहुधा येथूनच सुरू होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. त्यांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही, त्यापुढे मात्र साम्य वाढेल तशी कारवाई कडक होते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. या टक्केवारीची भीती मनात ठेवून लिहिण्यापेक्षा टिपणवहीतील अवतरणचिन्हे जपावीत. मग टक्केवारी आपोआप आटोक्यात राहते.

कोणता ग्रंथ, कोणती आवृत्ती

आता आपल्या विषयातील प्रत्यक्ष साधने पाहू. पश्चिम भारतातील वनस्पतींवर लिहिणारा कोणीही थिओडोर कुक यांच्या ‘द फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ या ग्रंथापाशी येतोच. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेल्या कुक यांचा हा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लंडनहून भागाभागांनी प्रसिद्ध झाला आणि दोन खंडांत पूर्ण झाला. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने १९५८ मध्ये त्याचे पुनर्मुद्रण केले, ते तीन खंडांत. आपल्या ग्रंथालयांत सामान्यतः आढळतो तो हा तीन खंडांचा संच. आता कल्पना करा : आपण पुनर्मुद्रणातील पृष्ठांक लिहिला आणि वर्ष मात्र भारदस्त दिसावे म्हणून १९०८ दिले. वाचक मूळचा दुसरा खंड काढतो, ते पान उघडतो आणि तेथे दुसरेच झाड निघते. पत्ता खोटा ठरला, आणि त्यासोबत लेखातील बाकीच्या पत्त्यांवरचा विश्वासही कमी झाला. नियम असा की जी प्रत हाती होती तीच नोंदवावी आणि मूळ वर्ष सोबत द्यावे : कुक (१९०१–१९०८, पुनर्मुद्रण १९५८).

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाबाबतही तेच. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढविलेली दुसरी १८५७ ची, आणि आज आपल्या हाती येते ते बहुधा १९७५ मधील पुण्याचे पुनर्मुद्रण. ‘मोल्सवर्थ १८३१’ असे सवयीने लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतील किती जणांनी १८३१ ची प्रत पाहिली असेल, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. एखादा शब्द १८३१ मध्ये नोंदविला गेला होता की १८५७ च्या वाढीत प्रथम आला, यावर शब्दाच्या इतिहासाविषयीचे आपले विधान उभे असेल, तर हा फरक साधा राहत नाही. दाते आणि कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात निघाले, पुरवणी विभाग १९५० मध्ये आला. येथे विभागाचा क्रमांक दिल्याशिवाय पृष्ठांकाला अर्थ नाही.

जिल्ह्यापुरता सर्वांत जवळचा ग्रंथ म्हणजे एस. आर. यादव आणि एम. एम. सरदेसाई यांचा ‘फ्लोरा ऑफ कोल्हापूर डिस्ट्रिक्ट’, शिवाजी विद्यापीठाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला. पार्श्वभूमीसाठी गॅझेटिअर वापरताना सावध राहावे. कोल्हापूरचे जुने गॅझेटिअर मुंबई इलाख्याच्या मालेतील चोविसावा खंड म्हणून १८८६ मध्ये निघाले. स्वातंत्र्योत्तर कोल्हापूर जिल्हा गॅझेटिअर १९६० चे. पहिल्याच्या काळात विशाळगड ही कोल्हापूर संस्थानाच्या अधीन असलेली जहागीर होती आणि तिचे मुख्य ठिकाण मलकापूर होते. त्यामुळे ‘गॅझेटिअरनुसार’ एवढेच लिहिले, तर कोणत्या प्रशासकीय विभागाची माहिती आपण देत आहोत हेच वाचकाला कळत नाही.

नावातच दडलेला संदर्भ

वनस्पतिशास्त्राची एक रीत भाषेच्या विद्यार्थ्याला विशेष रुचावी. तेथे वनस्पतीच्या शास्त्रीय नावामागे ते नाव देणाऱ्याचे नाव जोडतात. कारवीचे नाव ‘स्ट्रोबिलॅन्थिस कॅलोसा नीस’ असे लिहिले जाते. यातील नीस हे जर्मन शास्त्रज्ञ. त्यांनी एकोणिसाव्या शतकात या जातीला हे नाव दिले. पुढे १९४४ मध्ये ब्रेमेकॅम्प या डच शास्त्रज्ञाने या मोठ्या प्रजातीचे अनेक तुकडे केले आणि कारवीसाठी चक्क ‘कार्विया’ ही प्रजाती कल्पिली. आपल्या डोंगरातला शब्द लॅटिन वळणाचा होऊन शास्त्रात गेला! तेव्हापासून काही ग्रंथांत ‘कार्विया कॅलोसा (नीस) ब्रेमेकॅम्प’ असे नाव दिसते. कंसातील नीस म्हणजे जातीचे मूळ नाव देणारा, कंसाबाहेरचा ब्रेमेकॅम्प म्हणजे तिला नव्या प्रजातीत नेणारा. एका कंसात वनस्पतीच्या नामकरणाचा शंभराहून अधिक वर्षांचा प्रवास मावला आहे. अलीकडे अभ्यासक पुन्हा जुन्या व्यापक प्रजातीकडे वळले असून नीस यांचे नावच बहुधा वापरले जाते.

आपल्याला यातून दोन व्यावहारिक गोष्टी घ्यावयाच्या आहेत. लोकनाव देताना सोबत शास्त्रीय नाव कर्त्यासह द्यावे आणि ते कोणत्या ग्रंथावरून घेतले ते सांगावे, कारण दोन ग्रंथांत एकाच झुडपाची दोन नावे असू शकतात. इंग्रजी नियतकालिकात प्रजाती व जाती यांची नावे तिरप्या ठशात आणि कर्त्याचे नाव सरळ ठशात छापतात. कंस आपल्या सोयीने घालता किंवा काढता येत नाही. दुसरे असे की ब्रेमेकॅम्प यांचा मूळ प्रबंध आपण वाचलेला नाही, त्याविषयी दुसऱ्या ग्रंथात वाचले आहे. तेव्हा संदर्भसूचीत आपण वाचलेला तो दुसरा ग्रंथच येईल आणि मजकुरात ‘ब्रेमेकॅम्प १९४४, अमुक ग्रंथात उल्लेखित’ असा प्रांजळ निर्देश करावा लागेल. न वाचलेल्या मूळ ग्रंथांनी सूची फुगविण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. ती मोडावी.

दोन मुख्य पद्धती

मजकुरात संदर्भ दर्शविण्याच्या पद्धती अनेक असल्या तरी शास्त्रीय नियतकालिकांत दोनच कुळे प्रमुख आहेत. एकात लेखकाचे आडनाव आणि वर्ष कंसात येते. ही पद्धत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते. तिथले प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ मधील एका निबंधात ती वापरली होती. दुसऱ्या पद्धतीत केवळ अनुक्रमांक येतो आणि सूची त्या क्रमाने लागते. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले, तेव्हापासून या पद्धतीला त्या शहराचे नाव मिळाले.

एकच लेख दोन्ही रीतींनी मांडून पाहू. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातील देवरायांवरील लेख १९७६ मध्ये ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात आला. लोकनावांच्या अभ्यासात देवराया येणारच, म्हणून हा लेख आपल्या उपयोगाचा आहे. पहिल्या पद्धतीत मजकुरात (गाडगीळ व वर्तक १९७६) असे येईल आणि सूचीत पुढीलप्रमाणे :

गाडगीळ, एम. व वर्तक, व्ही. डी. (१९७६). द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया. इकॉनॉमिक बॉटनी ३०(२): १५२–१६०.

दुसऱ्या पद्धतीत मजकुरात वाक्याच्या शेवटी वरच्या बाजूस ७ हा लहान आकडा, आणि सूचीत :

७. गाडगीळ, एम. व वर्तक, व्ही. डी., द सेक्रेड ग्रोव्ह्ज ऑफ वेस्टर्न घाट्स इन इंडिया. इकॉन. बॉट., १९७६, ३०, १५२–१६०.

माहिती तीच, क्रम आणि विरामचिन्हे वेगळी. ३० हा खंड, कंसातील २ हा त्या खंडातील अंक, पुढचे आकडे पृष्ठांचे. बंगळूरचे ‘करंट सायन्स’ अनुक्रमांकाची रीत वापरते, कोइमतूरचे ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ लेखक-वर्षाची. यांपैकी श्रेष्ठ कोणती, या वादात पडू नये. ज्या नियतकालिकाकडे लेख पाठवायचा त्याच्या ‘लेखकांसाठी सूचना’ वाचाव्यात, त्याच्या ताज्या अंकातील एक लेख शेजारी उघडा ठेवावा आणि आपली सूची टिंबाला टिंब जुळवून पाहावी. नियतकालिकाच्या नावाचे संक्षेप आपल्या मनाने करू नयेत.

गाडगीळ आणि वर्तक यांचाच देवरायांवरील आणखी एक लेख १९७५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, बहात्तराव्या खंडात, आला होता. विषय जवळचा, लेखक तेच, वर्षांत एकाचा फरक. मजकुरात १९७५ आणि सूचीत १९७६ असा घोटाळा येथे सहज होतो. म्हणून लेख पाठविण्यापूर्वी एक संध्याकाळ केवळ या कामाला द्यावी : मजकुरातील प्रत्येक निर्देशावर पेन्सिलीने खूण करीत तो सूचीत आहे का ते पाहावे, मग उलट दिशेने सूचीतील प्रत्येक नोंद मजकुरात आली आहे का ते तपासावे. घरातले कोणी सूची वाचून दाखवायला बसले तर काम निम्म्या वेळात होते.

अनुक्रमांकाची पद्धत वापरताना मध्येच एक संदर्भ वाढला की पुढचे सर्व क्रमांक बदलतात. पहिल्या मसुद्यात आकडे न घालता आडनाव आणि वर्षच लिहावे, आकडे शेवटी घालावेत. संगणक असल्यास ‘झोटेरो’ हे विनामूल्य साधन हे काम स्वतः करते. मात्र त्यात भरलेली माहिती चुकीची असेल तर ते चूकही तितक्याच नेटकेपणाने छापते. लिहून देणाऱ्या संगणकीय साहाय्यकांकडून संदर्भ मागवू नयेत. अस्तित्वातच नसलेले लेख, खऱ्या वाटणाऱ्या खंड-पृष्ठांकांसह, ते देतात. अलीकडच्या लेखांना जो कायमस्वरूपी अंकीय ओळखक्रमांक असतो, तो महाजालावर घालून मूळ लेख उघडतो का, हे स्वतः पाहावे.

मराठी नियतकालिकांत अद्याप तळटिपांची रीत बरीच टिकून आहे आणि ‘तत्रैव’, ‘उपरोक्त’ हे शब्द तेथे भेटतात. अंतिम प्रत तयार होईपर्यंत ते वापरू नयेत. परिच्छेद वरखाली हलविला की ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते.

मराठी साधनांच्या अडचणी

इंग्रजी शैलीपुस्तिका मराठी ग्रंथांसमोर अनेकदा मुक्या होतात. कुसुमाग्रजांची नोंद ‘शिरवाडकर’ या आडनावाखाली करावी काय? शीर्षकपृष्ठावर जे नाव छापले आहे तेच घ्यावे आणि हवे तर दुसरे नाव चौकटी कंसात द्यावे. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाच्या साच्यात बसवू नये. मात्र संपादित प्रत वापरली असल्यास संपादकाचे नाव अवश्य द्यावे. विवाहापूर्वी व विवाहानंतर वेगवेगळ्या नावांनी लिहिणाऱ्या लेखिकेची प्रत्येक नोंद त्या त्या ग्रंथावरील नावानेच करावी. सूची अकारविल्हे लावताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कोठे घ्यावेत याविषयी एकमत नाही. एक क्रम ठरवावा आणि शेवटपर्यंत पाळावा.

जुन्या मराठी पुस्तकांवर अनेकदा केवळ शक असतो. शकात ७८ मिळविले की बहुतेक महिन्यांसाठी इसवी सन मिळतो. परंतु १ जानेवारीनंतरच्या, म्हणजे साधारणपणे पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या, तारखांसाठी ७९ मिळवावे लागतात. महिना कळत नसेल तर छापलेला शक तसाच ठेवून शेजारी कंसात दोन्ही वर्षे द्यावीत.

आपल्यापैकी काहींना झाडांपेक्षा इतिहास जवळचा वाटेल, आणि शाहूवाडीत राहून पावनखिंडीवर लिहावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. त्यांच्यासाठी एक सूचना. जेधे शकावली १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. १९२५ च्या ‘शिवचरित्रप्रदीपा’त ती पुन्हा छापली गेली. आपण कोणती पाहिली ते लिहा. आणि समकालीन साधनात गडाचे नाव ‘खेळणा’ असेल, तर अवतरणात ते बदलून ‘विशाळगड’ करू नका. खुलासा हवा तर चौकटी कंसात, आपला म्हणून, द्या.

छापील नसलेले आधार

पुन्हा कारवीकडे येऊ. सात वर्षांच्या बहराविषयी ज्या बाईंनी सांगितले, त्यांचा निर्देश कसा करावा? बहुतेक शैलींत तोंडी माहिती संदर्भसूचीत घेत नाहीत, कारण वाचकाला ती पुन्हा उघडून पाहता येत नाही. ती मजकुरातच ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून तारखेसह नोंदवितात. लोकनावांच्या लेखात मात्र निवेदकच मुख्य आधार असतात. त्यांना एका कंसात उरकणे अन्यायाचे होईल. त्यांच्यासाठी स्वतंत्र तक्ता द्यावा : निवेदकाचे नाव किंवा सांकेतिक क्रमांक, वय, वाडी, व्यवसाय, संवादाची तारीख, त्यांनी सांगितलेली नावे. नाव छापायचे की क्रमांक, हे आपण ठरवायचे नाही. लेख कोठे छापला जाणार आणि कोण वाचणार हे समजावून सांगून त्यांना विचारावे. काहींना नाव यावे असे वाटते, काहींना नको असते. औषधी मुळीची जागा सांगणाऱ्याला तर हमखास नको असते. त्यांचे म्हणणे तारखेसह वहीत लिहून ठेवावे.

‘स्थानिक लोक सांगतात की’ हा शब्दप्रयोग शास्त्रीय लेखांत वारंवार दिसतो. ग्रंथकाराला नाव, वर्ष आणि पृष्ठ. आणि ज्या बाईने आयुष्यभर ते रान पाहिले ती मात्र ‘स्थानिक लोक’. आपण त्याच वाड्यांतून आलेले आहोत. निदान आपल्या लेखात हे होऊ नये.

जैविक विविधता अधिनियम, २००२ खालील जैवविविधता व्यवस्थापन समित्यांकडे लोकजैवविविधता नोंदवही असते. आपल्या ग्रामपंचायतीची नोंदवही पाहावयास मिळाली, तर तिचा निर्देश अप्रकाशित दस्तऐवज म्हणून करावा : समितीचे व गावाचे नाव, नोंदवहीचे वर्ष, पाहिलेले पान, पाहिल्याची तारीख. तीतील काही माहिती गावाने राखून ठेवलेली असू शकते. उतरवून घेण्यापूर्वी समितीची अनुमती घ्यावी.

उपक्रम

१. आपल्या परिसरातील कोणत्याही एका वनस्पतीचे लोकनाव निवडा. त्यासाठी एक छापील ग्रंथ, एक कोश आणि एक निवेदक असे तीन आधार मिळवा आणि तिन्हींचा निर्देश करीत १५० शब्दांचा परिच्छेद लिहा.

२. त्याच परिच्छेदाची सूची आधी लेखक-वर्ष पद्धतीने आणि नंतर अनुक्रमांक पद्धतीने तयार करा. दोन्ही कागद संपर्कसत्राच्या वेळी शेजारी बसणाऱ्या विद्यार्थ्याला द्या आणि केवळ आपल्या नोंदींच्या आधारे त्याला ग्रंथालयात ती पाने सापडतात का ते पाहा. जेथे तो अडला, तेथे पेन्सिलीने खूण करून ती नोंद दुरुस्त करा.